'ब्रेकफास्ट इन अमेरिका' ऐकताना: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आम्ही काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एक अख्खा अल्बम ऐकतो. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधे कुणी बोलायचं नाही. सुपरट्रॅम्प या बँडचा 'ब्रेकफास्ट इन अमेरिका' आतापर्यंत तीनदा लावावा लागला, कारण दर वेळी भुसावळ, अमळनेर, धुळे, चाळीसगावहून नवी माणसं येतात आणि त्यांना हाच ऐकायचा असतो. ऐकून झालं की चहाबरोबर प्रश्न सुरू होतात, आणि ते बरेचसे तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हा अल्बम कुणाचा आणि कधीचा?

सुपरट्रॅम्प हा इंग्लंडमधला बँड. मार्च १९७९ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सनं हा अल्बम बाजारात आणला. बँडचा हा सहावा स्टुडिओ अल्बम. दहा गाणी, एकूण पाऊण तासाच्या आसपास. त्या वेळी बँडमध्ये पाच जण होते: रिक डेव्हिस आणि रॉजर हॉजसन हे गाणारे आणि गाणी लिहिणारे, जॉन हेलिवेल सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवर, डगी थॉमसन बेसवर, बॉब सीबेनबर्ग ड्रम्सवर. थॉमसन स्कॉटलंडचा आणि सीबेनबर्ग तर अमेरिकन, त्यामुळे 'इंग्लिश बँड' हे बोलण्यापुरतं खरं. सुपरट्रॅम्प हे नाव डब्ल्यू. एच. डेव्हिस या वेल्श कवीच्या १९०८ साली आलेल्या आत्मचरित्रावरून घेतलं होतं. त्याचं आडनाव आणि रिकचं आडनाव सारखं आहे हा निव्वळ योगायोग.

या अल्बमला प्रोग्रेसिव्ह पॉप म्हणतात, ते नेमकं काय? रॉक आणि पॉप यांच्या मधलं काही?

या प्रश्नाला मी नेहमी नाट्यपदाचं उदाहरण देतो. ख्याल गाणारा एका रागाला तासभर देतो. नाट्यपद तोच राग घेतं, पण पाच-सात मिनिटांत, शब्द कळतील अशा बेतानं, आणि थिएटरातल्या शेवटच्या बाकावरचा माणूसही घरी जाताना ते गुणगुणतो. म्हणून नाट्यपद सोपं होतं असं कुणी म्हणणार नाही. त्यातली तान घ्यायला गळा तयार लागतोच.

सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक जोरात होतं. वीस-वीस मिनिटांची गाणी, मधेच बदलणारे ठेके, कीबोर्डचे लांब पल्ले. सुपरट्रॅम्प त्याच घरातला. १९७४ च्या 'क्राइम ऑफ द सेंच्युरी'मध्ये ते उघड दिसतं. 'ब्रेकफास्ट'मध्ये त्यांनी ते सगळं सामान चार-पाच मिनिटांच्या, सहज ओठांवर येणाऱ्या चालींत बसवलं. सामान टाकून दिलं नाही. शेवटचं 'चाइल्ड ऑफ व्हिजन' सात मिनिटांच्या वर जातं आणि त्यातला अर्धा वेळ नुसती कीबोर्डची बोलणी चालतात. ज्यांना 'लॉजिकल साँग' तेवढं माहीत आहे त्यांनी हे गाणं मुद्दाम ऐकावं.

दोन वेगळे आवाज ऐकू येतात. कोण कुठलं गातो?

उंच, थोडा पोरसवदा आवाज हॉजसनचा. 'द लॉजिकल साँग', 'ब्रेकफास्ट इन अमेरिका', 'टेक द लाँग वे होम', 'लॉर्ड इज इट माइन', 'चाइल्ड ऑफ व्हिजन' ही त्याची. जाड, जरा खरखरीत, ब्लूजच्या वळणाचा आवाज डेव्हिसचा. 'गुडबाय स्ट्रेंजर', 'ओह डार्लिंग', 'जस्ट अनदर नर्व्हस रेक', 'कॅज्युअल कन्व्हर्सेशन्स' ही त्याची.

दोघंही आपापली गाणी स्वतंत्र लिहायचे, पण श्रेय मात्र जोडीनं दिलेलं असायचं. माणसं अगदी वेगळी. डेव्हिस स्विंडन या रेल्वे कारखान्याच्या गावातला, कष्टकरी घरातला. (भुसावळकरांना स्विंडन लगेच कळतं. रेल्वेचं गाव म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही.) हॉजसन लहानपणीच बोर्डिंग शाळेत गेलेला. १९६९ साली डेव्हिसनं 'मेलडी मेकर' साप्ताहिकात जाहिरात दिली, तिच्यावरून दोघं भेटले. दहा वर्षांनी हा अल्बम आला. या अल्बमचा पहिला बेत असा होता की दोघांच्या विचारांमधला फरक, त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं, हाच सगळ्या गाण्यांचा धागा करायचा. 'हॅलो स्ट्रेंजर' असं नावही ठरत आलं होतं. मग तो बेत सोडून हलकीफुलकी गाणी घ्यायचं ठरलं. तरी धागा पूर्ण सुटला नाही. 'चाइल्ड ऑफ व्हिजन' अमेरिकी जगण्यावर लिहिलंय, पण नकळत ते डेव्हिसलाही उद्देशून असेल, असं हॉजसन पुढे म्हणाला आहे. आणि त्याच गाण्यात डेव्हिस जीव तोडून पियानो वाजवतो. मला हे फार मोठं वाटतं. ज्या गाण्यात आपल्यावर काही म्हटलेलं असू शकतं, त्या गाण्याला आपल्या हातचं सगळ्यात चांगलं द्यायचं.

शीर्षकगीतात आमच्या भजनाच्या पेटीसारखा आवाज येतो. खरंच पेटी आहे का?

तिची सख्खी बहीण आहे. हॉजसनकडे पायानं भाता मारायचा जुना पंप ऑर्गन होता. संगीत नाटकाच्या साथीला जो ऑर्गन असायचा, तशाच जातीचा. भजनाच्या पेटीत एक हात भात्यावर अडकतो, इथे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. आत पितळी पाती, त्यांच्यावरून हवा गेली की सूर. 'ब्रेकफास्ट इन अमेरिका' हे गाणं त्या ऑर्गनवर बसून सुचलेलं आहे. चाल नीट ऐका: डावा हात ठाय ठाय टाकत जातो, भात्याच्या लयीत. गिटारवर बसून असं गाणं सुचणार नाही.

माझी आई मंडळात पेटी वाजवायची. हे गाणं पहिल्यांदा तिच्या कानावर पडलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "कोण वाजवतंय रे? भाता फार झटके देऊन मारतोय." तिला अमेरिका, इंग्लंड, काही माहीत नव्हतं. पण वाजवणाऱ्याचा पाय तिला ऐकू आला.

आता आणखी एक. अल्बमभर जो गोलसर, किंचित गुरगुरणारा पियानो ऐकू येतो, 'लॉजिकल साँग'च्या सुरुवातीचा, तो वुर्लिट्झर नावाचा इलेक्ट्रिक पियानो. त्यात तारा नसतात. पोलादी पाती असतात, त्यांच्यावर छोटी हातोडी पडते आणि पात्याचं कंपन विजेनं मोठं करून स्पीकरला जातं. म्हणजे पेटीत पात्याला वारा हलवतो, इथे ठोका हलवतो. पेटीवर वाढलेल्या आपल्या कानांना हा अल्बम इतक्या लवकर जवळचा वाटतो, त्याचं एक कारण मला या पात्यांत दिसतं.

आणि त्यात लग्नाच्या बँडसारखंही काहीतरी वाजतं...

बरोबर ओळखलंत. शीर्षकगीतात हेलिवेलचा क्लॅरिनेट आहे, आणि ट्यूबा व ट्रॉम्बोन बाहेरून बोलावलेल्या स्लाइड हाइड या वादकानं वाजवलेत. खानदेशात लग्न म्हणजे बँड, आणि बँड म्हणजे क्लॅरिनेट. एकदा पारोळ्याकडचे एक बँडवाले काका बैठकीला आले होते. तो तुकडा आला तशी त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. दुसऱ्यांदा लावा म्हणाले. मग अहिराणीत एवढंच बोलले, "हाई ते आपलंच शे भो."

शीर्षकगीत कशाबद्दल आहे? नाश्ता कसला?

अमेरिका न पाहिलेल्या पोराचं ते अमेरिकेचं स्वप्न आहे. हॉजसननं ते विशीच्या आसपास, इंग्लंडात असताना लिहिलं. अमेरिकेला जायचा योग यायला अजून अवकाश होता. अल्बमपर्यंत यायला त्या गाण्याला जवळजवळ दहा वर्षं लागली. त्यातला मुलगा तिकडच्या मुलींची, कॅलिफोर्नियाची, टेक्सासात सगळेच लक्षाधीश असतात अशी स्वप्नं रंगवतो, आणि नाश्त्याला मागतो काय, तर किपर्स. किपर्स म्हणजे मधोमध चिरून, मीठ लावून धुरावर धरलेला हेरिंग मासा. तो अस्सल इंग्रजी नाश्ता. स्वप्न अमेरिकेचं, पण ताटात घरचंच हवं. आपल्याकडचा मुलगा पुण्याला किंवा त्याहून लांब जायची स्वप्नं बघतो आणि आईला सांगतो, तिकडे गेल्यावर कळण्याची भाकरी मिळेल ना. अगदी तेच.

डेव्हिसला या गाण्याचे शब्द फारसे पटले नव्हते. तरी गाणं राहिलं आणि अल्बमचं नावही तेच झालं. गाणं तीन मिनिटांचंही नाही.

'लॉजिकल साँग' इतकं का गाजलं?

कारण ते शाळेत गेलेल्या प्रत्येकाचं आहे. लहानपणी झाडं, पाखरं, सगळं जग जादूचं वाटत होतं. मग शिकायला पाठवलं आणि शहाणं, व्यवहारी, तर्कानं चालणारं कसं व्हायचं ते शिकवलं. आता रात्री सगळे झोपल्यावर एकच प्रश्न उरतो, मी कोण? हॉजसननं बोर्डिंग शाळेतली वर्षं यात ओतली आहेत. एकापाठोपाठ एक विशेषणं येतात, सगळी एकाच वजनाची, सगळ्यांचा शेवट सारख्या आवाजाचा. पाढे म्हटल्यासारखी. अर्थ कळण्याआधी ती घोकंपट्टी कानाला कळते.

बैठकीला येणारे एक निवृत्त गुरुजी हे गाणं झाल्यावर बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, मी छत्तीस वर्षं पोरांना बरोबर उत्तरं दिली, हा प्रश्न एकाही पोरानं मला विचारला नाही, विचारायची सोयच नव्हती. साने गुरुजी अमळनेरला ज्या शाळेत शिकवत होते, तिथले ते माजी विद्यार्थी. त्यांचं ते बोलणं मला अजून आठवतं.

गाण्याच्या शेवटाकडे जो खेळण्यातला टुकटुक आवाज येतो, तो मॅटेल कंपनीच्या हातात धरून खेळायच्या इलेक्ट्रॉनिक फुटबॉलचा आहे. हे गाणं अमेरिकेत सहाव्या आणि ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि शब्द व संगीत दोन्हींसाठीचा आयव्हर नॉव्हेलो हा ब्रिटिश पुरस्कार त्याला १९८० साली मिळाला.

अल्बम बनायला किती वेळ लागला? कुठे केला?

बँड १९७७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात राहायला गेला होता. आधी दोघांनी घरी, नुसता आवाज आणि समोर पियानो, वुर्लिट्झर किंवा पंप ऑर्गन, अशी कच्ची गाणी रेकॉर्ड केली. मग १९७८ च्या एप्रिल-मेमध्ये बरबँकच्या एका स्टुडिओत आठ ट्रॅकवर (म्हणजे आठ आवाज वेगवेगळे नोंदवणाऱ्या यंत्रावर) सगळ्या बँडनं ती बसवली. कुठल्या गाण्यामागून कुठलं येणार तेही तिथेच ठरलं. फक्त 'टेक द लाँग वे होम' त्यात नव्हतं, ते अगदी शेवटी आलं.

खरं रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर स्टुडिओत, मे ते डिसेंबर १९७८. ही इमारत मुळात फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाचं मंदिर होती. त्याच काळात त्याच इमारतीत फ्लीटवुड मॅक हा बँड आपला 'टस्क' हा अल्बम करत होता. सुपरट्रॅम्पबरोबर निर्माता होता पीटर हेंडरसन, मूळचा रेकॉर्डिंग इंजिनिअर. आधीच्या अल्बमपासून तो बँडबरोबर होता.

मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट इथली आहे. मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे नोंदवलेले आवाज तोलून एकत्र बसवायला, फार वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी सुरुवातीलाच आठवडाभर फक्त आवाज जुळवले. ड्रम कुठे ठेवायचा, माइक किती अंतरावर, पियानोचा सूर कसा पकडायचा. एकदा पाया नीट घातला की पुढे सोपं, असा हिशेब. तो हिशेब चुकला. मिक्सिंगला दोन महिन्यांवर वेळ गेला, आणि तेही समाधान झालं म्हणून थांबले नाहीत, कंपनीची मुदत संपली म्हणून थांबावं लागलं. आज ज्या अल्बमला लोक 'किती सहज' म्हणतात, तो करणाऱ्यांना शेवटपर्यंत पुरा वाटला नव्हता. त्या आठवड्याचं काम वाया गेलं असं म्हणतात, मला ते पटत नाही. 'गुडबाय स्ट्रेंजर' चांगल्या हेडफोनवर ऐका. प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा आहे, कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही.

आणि भांडणं? हेंडरसनच्या आठवणीप्रमाणे या अल्बमच्या वेळी डेव्हिस आणि हॉजसनचं चांगलं जमत होतं. ताण पुढे वाढले.

कव्हरवरची बाई कोण? आणि मागचं शहर?

ती अभिनेत्री केट मर्टा. स्वातंत्र्यदेवतेच्या जागी हॉटेलातली हसरी वेट्रेस, नाव लिबी. मशालीऐवजी हातात संत्र्याच्या रसाचा ग्लास, दुसऱ्या हातात मेन्यू. हे सगळं विमानाच्या खिडकीतून दिसतं. मागे न्यूयॉर्कचं मॅनहॅटन आहे, पण जवळून बघा: खोकी, अंड्यांचे ट्रे, मीठ-मिऱ्याच्या आणि सॉसच्या बाटल्या, काटे-चमचे, ॲश ट्रे, सगळं पांढऱ्या रंगानं रंगवून उभं केलेलं. संगणक नाही. टेबलावर मांडलेलं शहर.

चाळीसगावचे लोक इथे लगेच केकी मूसांचं नाव घेतात, आणि घ्यावंच. केकी मूस (१९१२–१९८९) चाळीसगावात स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्य काढलेले छायाचित्रकार. टेबल-टॉप फोटोग्राफीत त्यांचा हात धरणारा नव्हता. घरातल्या बारीकसारीक वस्तू टेबलावर मांडून, प्रकाश पाडून, ते अख्खं गाव, अख्खं निसर्गदृश्य उभं करत. ज्यानं त्यांचं घर पाहिलंय त्याला हे कव्हर बघताना टेबलाची कड शोधाविशी वाटते. कव्हरचं काम माइक डाउड आणि मिक हॅगर्टी यांचं. १९८० च्या ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्कारांत, त्यांना उत्कृष्ट अल्बम वेष्टनाचा पुरस्कार मिळाला.

मागचं कव्हरही सोडू नका. सगळा बँड एका साध्या खाणावळीत नाश्त्याला बसलाय आणि प्रत्येक जण आपापल्या गावाकडचं वर्तमानपत्र वाचतोय. कॅलिफोर्नियात राहायला गेलेली माणसं आणि हातात गावचा पेपर. पुण्या-मुंबईच्या खोलीत सकाळी मोबाइलवर जळगावच्या बातम्या उघडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

कव्हरवर ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची खूण आहे म्हणतात, खरं का?

नाही. कव्हर आरशात धरलं तर बँडच्या नावातली पी आणि यू ही अक्षरं ९ आणि ११ सारखी दिसतात आणि ती जुळ्या मनोऱ्यांच्या वर येतात, एवढ्यावरून हे उठलंय. कव्हर १९७९ चं. मनोरे तेव्हा न्यूयॉर्कच्या दृश्यात होतेच, म्हणून इथेही आहेत. ज्या घटनेत हजारो माणसं गेली तिच्यावर अशी कोडी रचू नयेत.

हा अल्बम अमेरिकेची टिंगल करतो का?

कव्हर पाहून तसं वाटतं. बँडचं म्हणणं, तसा हेतू नव्हता. 'गॉन हॉलिवूड'मध्ये नशीब काढायला आलेला माणूस दारोदार फिरून थकतो. त्याचे मूळचे शब्द आणखी निराशेचे होते, ते बदलून थोडा उजेड आणला. मला हा अल्बम पाहुण्याच्या नजरेचा वाटतो. नव्या गावात गेलेल्याला जे भुलवतं आणि जे खुपतं, दोन्ही.

किती खपला?

जगभरात दोन कोटींच्या आसपास. अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रियतेच्या यादीत १९७९ मध्ये सहा आठवडे पहिला, ब्रिटनमध्ये तिसरा. कॅनडा आणि फ्रान्समध्ये तर अफाट चालला. 'टेक द लाँग वे होम' अमेरिकेत दहावं, 'गुडबाय स्ट्रेंजर' पंधरावं, शीर्षकगीत ब्रिटनमध्ये नववं. कव्हरशिवाय दुसरी ग्रॅमी ध्वनिमुद्रणाची, पीटर हेंडरसनला. मला ही पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते.

जुने चाहते नाराज झाले नाहीत?

काही झाले. एका बाजूला पंक, दुसऱ्या बाजूला डिस्को, अशा दिवसांत लांब गाण्यांचा बँड छोटी गाणी घेऊन आला आणि रेडिओवर दिवसभर वाजू लागला, त्यामुळे 'बाजाराला विकले गेले' असं म्हटलं गेलं. हा आरोप मला कधीच मान्य झाला नाही. बाजारासाठी केलेल्या गाण्यात कुणी ऑर्गनच्या भात्याची लय, ट्यूबा आणि क्लॅरिनेट घालत नाही. 'लॉर्ड इज इट माइन' तर सरळ प्रार्थना आहे: ही शांतता माझी आहे का, देवा? अशी प्रार्थना १९७९ च्या हिट अल्बमच्या मधोमध ठेवायला धीर लागतो.

इंग्रजी नीट कळत नाही, तर ऐकावं का?

ऐकावं. आधी शब्द न वाचता ऐका, आवाजांवर लक्ष द्या. नंतर 'लॉजिकल साँग'चे शब्द कुणाकडून तरी समजून घ्या.

पुढे बँडचं काय झालं?

नोव्हेंबर १९७९ मधली पॅरिसची मैफल 'पॅरिस' नावानं १९८० साली आली, ती अवश्य मिळवा. १९८२ ला आणखी एक स्टुडिओ अल्बम, आणि १९८३ मध्ये हॉजसन बाहेर पडला. डेव्हिसनं बँड पुढे चालू ठेवला. सप्टेंबर २०२५ मध्ये, ८१ व्या वर्षी तो गेला. त्या महिन्यात आम्ही तिसऱ्यांदा हा अल्बम लावला, आणि या वेळी दुसऱ्या बाजूची डेव्हिसची गाणी दोनदा.

तुमचं स्वतःचं आवडतं गाणं कुठलं?

'टेक द लाँग वे होम'. सुरुवातीला लांबून माउथ ऑर्गन येतो, तोही पात्यांचाच. ज्याला बाहेर आपण मोठे वाटतो आणि घरी ज्याला कुणी खुर्ची-टेबलाइतकंच मोजतं, असा एक माणूस लांबच्या वाटेनं घरी निघतो. मी नोकरीसाठी बरीच वर्षं सुरतेला होतो. आतेभावानं मुंबईहून कॅसेटवर भरून दिलेला हा अल्बम वॉकमनमध्ये असायचा. शनिवारी पॅसेंजरनं घरी यायचो: नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, प्रत्येक स्टेशनात थांबत. लवकर पोचवणाऱ्या गाड्या होत्या. मी पॅसेंजरच धरायचो, आणि धरणगाव सुटलं की हे गाणं परत सुरुवातीपासून लावायचो.